कै. ना. म. जोशी : पक्षाबाहेरचे कामगार पुढारी

धुळे-अमळनेरच्या गिरण्यांमुळे 'युनियन' हा शब्द आपल्या खानदेशात जुनाच आहे. परंतु देशातील युनियनांना एकत्र आणण्यासाठी ज्यांनी हयात घालविली, त्या नारायण मल्हार जोशींचे नाव आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

त्यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी आताच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगावी झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन त्यांनी काही वर्षे शिक्षकी केली. १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले आणि १९११ मध्ये मुंबईत त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रशाळा, वाचनालये हे तिचे काम. दिवसभर गिरणीत राबलेला माणूस रात्री पाटी घेऊन बसतो, हे मला कोणत्याही मोर्च्याइतकेच मोठे वाटते.

१९२० साली लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, स्थापन झाली. जोशी तिच्या संस्थापकांपैकी एक. त्याच सुमारास मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या मालकांनी युनियनच्या पुढाऱ्यांना कोर्टात खेचले होते. युनियनला कायद्याचा आधारच नव्हता. जोशींनी १९२१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात ठराव आणला आणि १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला.

खरी कसोटी १९२९ च्या नागपूर अधिवेशनात लागली. अध्यक्ष होते पंडित नेहरू. सरकारने नेमलेल्या व्हिटले आयोगावर बहिष्काराचा ठराव कम्युनिस्टांच्या जोरावर संमत झाला, आणि जोशी तर स्वतःच त्या आयोगाचे सभासद! युनियन पक्षाच्या दावणीला बांधू नये, अशा मताचे जोशी सहकाऱ्यांसह बाहेर पडले व त्यांनी वेगळे फेडरेशन काढले. येथे मात्र मला त्यांचे पटत नाही. पक्ष नको म्हणणाऱ्यांनीही शेवटी कामगारांत फूटच पाडली.

पण ते तेथेच अडून बसले नाहीत. १९४० मध्ये दोन्ही संघटना पुन्हा एक झाल्या आणि जोशी सरचिटणीस झाले. राजकीय प्रश्नांवर साध्या बहुमताने निर्णय घ्यायचा नाही, अशी तडजोड ठरली. पुढे १९४७ मध्ये काँग्रेसवाल्यांनी इंटक काढली, १९४८ मध्ये समाजवाद्यांनी हिंद मजदूर सभा. जोशी १९४८ पर्यंत आयटकचे सरचिटणीस राहिले, ज्या कम्युनिस्टांमुळे एकदा उठून गेले होते त्यांच्याच सोबत.

३० मे १९५५ रोजी ते वारले. मुंबईच्या डिलाईल रोडला आता ना. म. जोशी मार्ग म्हणतात. त्याच्या आजूबाजूच्या गिरण्या मात्र बंद पडल्या आहेत.