रयतेचा हिशेब
(स्वामी रामानंद तीर्थ : जीवनपरिचय)

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मराठवाडा हा हैदराबाद संस्थानाचा भाग होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद असे त्याचे पाच जिल्हे होते. लातूर हा त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता. गोदावरी आणि मांजरा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत ज्वारी, कापूस व करडई पिकत असे. पीक घरात येण्यापूर्वीच सरकारचा सारा दारात उभा राही आणि शेतकरी तो निमूटपणे भरीत असे. साऱ्याबरोबरच गावच्या सोयींकरिता म्हणून लोकल फंडाची पट्टीही त्याला द्यावी लागे. परंतु आपण दिलेल्या पैशातून आपल्या गावी शाळा का निघत नाही, नदीवर पूल का होत नाही, दवाखाना इतका दूर का, असे विचारण्याची सोय त्याला नव्हती.

याचे कारण राज्याच्या रचनेतच होते. संस्थानातील सुमारे साठ टक्के भूमी दिवाणी, म्हणजे सरकारी कारभाराखालील होती. सुमारे दहा टक्के भूमी सर्फेखास, म्हणजे निजामाच्या खाजगी मालकीची होती. तिचे उत्पन्न राज्याच्या तिजोरीत न जाता थेट निजामाच्या पदरी पडे. उरलेली सुमारे तीस टक्के भूमी जहागीरदार आणि इनामदार यांच्या हाती होती. म्हणजे दहा गावांपैकी चार गावांचा पैसा लोकांच्या कामासाठी असलेल्या खजिन्यात बहुधा येतच नसे. जो येई, त्याचा विनियोग अधिकारी ठरवीत. नगरांतून आणि जिल्ह्यांतून स्थानिक समित्या होत्या खऱ्या. पण त्यांत अधिकाऱ्यांचे आणि सरकारने नेमलेल्या सभासदांचेच वजन असे. रयतेने द्यावे आणि सरकारने घ्यावे, एवढाच उभयतांतील व्यवहार होता. रयतेला आपल्या पैशाचा हिशेब मागण्यास ज्यांनी शिकवले, त्यांत स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी आजच्या कर्नाटक राज्यातील सिंदगी या गावी झाला. घरची स्थिती बेताची होती. सोलापूर येथे शिक्षण चालू असताना त्यांच्या मनावर लोकमान्य टिळकांच्या विचारांचा खोल संस्कार झाला. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य निवर्तले. त्या प्रसंगी या सोळा वर्षांच्या मुलाने आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला आणि तो अखेरपर्यंत पाळला. असहकाराच्या चळवळीत त्यांनी सरकारी शाळा सोडली व पुढील शिक्षण राष्ट्रीय संस्थांतून घेतले. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात त्यांचे उच्च शिक्षण झाले.

शिक्षण संपल्यावर ते प्रसिद्ध कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम करू लागले. कामगारांच्या वस्त्या आणि त्यांची मिळकत यांचा जवळून परिचय झाल्यामुळे दारिद्र्य ही केवळ दैवाची गोष्ट नसून तिच्या मुळाशी समाजाची व राज्याची रचना असते, हे त्यांना उमगले. अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली आणि ते काम सोडावे लागले. परंतु त्यामुळेच त्यांची पावले मराठवाड्याकडे वळली.

उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगे या खेड्यात १९२१ पासून एक राष्ट्रीय शाळा चालू होती. १९२९ मध्ये ते या शाळेचे मुख्याध्यापक झाले. ही शाळा लोकांच्या मदतीवर उभी होती. येथे असतानाच त्यांनी संन्यास घेतला आणि व्यंकटेश खेडगीकरांचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यासी होऊन ते अरण्यात गेले नाहीत. भगव्या वस्त्रानिशी ते मुलांच्या वर्गातच राहिले. १९३५ मध्ये ते अंबेजोगाई येथे आले. त्या गावास तेव्हा मोमिनाबाद म्हणत. तेथील योगेश्वरी विद्यालयाच्या उभारणीत त्यांनी आणि त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे यांनी आपले सर्वस्व ओतले.

या शाळांच्या व्यवहारात एक मोठी विसंगती दडलेली होती. सरकारी शिक्षणात उर्दूला प्राधान्य होते. मराठी मुलांना मातृभाषेतून शिकण्याची सोय फार थोडी होती. खाजगी शाळा काढावयाची, तर सरकारची परवानगी लागे आणि ती सहजासहजी मिळत नसे. म्हणजे शेतकरी सरकारला सारा देत होता आणि मुलाला शिकवावयाचे म्हणून पुन्हा वर्गणीही देत होता. एकाच शिक्षणासाठी त्याला दोनदा पैसे मोजावे लागत होते. वर्गणीच्या पैशाचे काय झाले, हे तो शाळेत येऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकत असे. साऱ्याच्या पैशाचे काय झाले, हे मात्र त्याला कधीच कळत नसे. नुसत्या वर्गणीवर सगळ्या प्रांताच्या शाळा चालणे शक्य नव्हते. त्यासाठी राज्याची तिजोरीच लोकांच्या मताने चालली पाहिजे होती. शिक्षक असलेले स्वामीजी राजकारणात उतरले, ते याच वाटेने.

हा प्रश्न काही एकट्या मराठवाड्याचा नव्हता. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात जे युद्ध पेटले, त्याच्या कारणांत कर बसवण्याचा अधिकार कोणाचा हा वाद प्रमुख होता. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी अमेरिकेतील वसाहती इंग्लंडविरुद्ध उठल्या, त्या वेळीही आपल्या प्रतिनिधींच्या संमतीवाचून लादलेला कर त्यांना सहन झाला नव्हता. कर देणाऱ्याला खर्चाविषयी बोलण्याचा अधिकार असावा, या तत्त्वावरच लोकशाहीची इमारत उभी आहे.

परंतु हैदराबाद संस्थानात हे तत्त्व उच्चारणेही सोपे नव्हते. गश्ती क्रमांक ५३ या हुकुमामुळे सरकारी परवानगीवाचून सभा भरवण्यास बंदी होती. अशा स्थितीत लोकांचे म्हणणे एकत्र करण्यासाठी महाराष्ट्र परिषद ही संस्था पुढे आली. तिचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे, दुसरे १९३८ मध्ये लातूर येथे आणि तिसरे १९४१ मध्ये नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे भरले. खेड्यापाड्यांतून माणसे येत, आपली गाऱ्हाणी मांडीत आणि त्यांचे ठराव होत. मातृभाषेतून शिक्षण, नागरिक स्वातंत्र्य आणि जबाबदार राज्यपद्धती या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. स्वामीजींनी परिषदेच्या सरचिटणीसपदाचा भार वाहिला आणि गावोगाव फिरून लोकांना बोलते केले. आजवर माना खाली घालून सारा भरणारी माणसे प्रथमच चारचौघांत उभी राहून राज्यकारभाराविषयी बोलू लागली.

जबाबदार राज्यपद्धती हा शब्द त्या काळी सर्वांच्या तोंडी झाला होता. त्याचा अर्थ सोपा आहे. लोकांनी निवडलेल्या सभेला मंत्र्यांनी उत्तर द्यावे. वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज तिच्यापुढे मांडावा. आणि तिच्या संमतीवाचून कर घेऊ नये वा पैसा खर्चू नये. हैदराबादेत मंत्री होते, खाती होती, जमाखर्चही होता; परंतु मंत्री केवळ निजामालाच जबाबदार होते.

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना होऊ घातली होती. ती रीतसर कार्यास लागण्यापूर्वीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. ही बंदी मोडण्यासाठी २४ ऑक्टोबर १९३८ पासून सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजींना त्यात तुरुंगवास घडला. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह करून त्यांनी पुन्हा बंदिवास पत्करला.

दरम्यान १९३९ मध्ये निजाम सरकारने राजकीय सुधारणा जाहीर केल्या. नव्या विधिमंडळात पंच्याऐंशी सभासद असावयाचे होते. त्यांपैकी केवळ बेचाळीस निवडलेले, म्हणजे निम्म्याहूनही कमी. मंत्रिमंडळ पूर्वीप्रमाणेच निजामाला जबाबदार राहणार होते. सभेत बोलता यावे, पण बोलण्याने काही बदलू नये, अशी ती योजना होती. जे मिळते ते पदरात पाडून घ्यावे, असे काहींना वाटणे स्वाभाविक होते. परंतु ज्या सभेला खर्च अडवता येत नाही, तिला लोकांची सभा म्हणता येत नाही, हे ओळखून स्टेट काँग्रेसने या सुधारणा स्वीकारल्या नाहीत. १९४६ मध्ये संघटनेवरील बंदी उठली. त्याच वर्षी स्वामीजी तिचे अध्यक्ष झाले आणि अपुऱ्या सुधारणांनुसार झालेल्या निवडणुकांवर संघटनेने बहिष्कार घातला.

१९४७ साली देश स्वतंत्र होणार हे निश्चित झाले. परंतु निजामाने आपले राज्य भारतात विलीन करण्यास नकार दिला. स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ हा दिवस भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिवस म्हणून पाळला. १५ ऑगस्टला सगळा देश स्वातंत्र्याचा उत्सव करीत असता स्वामीजींना अटक झाली. त्या वर्षाअखेर त्यांची सुटका झाली. पण जानेवारी १९४८ मध्ये त्यांना पुन्हा पकडण्यात आले.

बाहेर रझाकारांचे अत्याचार वाढत होते. संस्थानाच्या सीमेवर तरुणांनी शिबिरे उभारून प्रतिकार आरंभला होता. ३० जानेवारी १९४८ रोजी अशा तरुणांनी उमरी येथील सरकारी बँकेवर धाड घालून सुमारे वीस लाख रुपये हस्तगत केले. स्वामीजी त्या वेळी कारागृहात होते. एवढी मोठी रक्कम अचानक हाती आली, की भल्याभल्यांचे चित्त चळते. परंतु हा पैसा कोणा व्यक्तीचा नसून जनतेचा आहे, ही जाण त्या तरुणांना होती. त्यांनी त्याच्या खर्चाचा हिशेब ठेवला आणि लढा संपल्यावर तो सादर करण्यात आला. ज्यांनी सरकारकडे रयतेच्या पैशाचा हिशेब मागितला, त्यांनी स्वतःचा हिशेब देण्यासही मागेपुढे पाहिले नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारत सरकारने पोलीस कारवाई सुरू केली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर थोड्याच काळात जुनी घडी बदलली. १९४९ मध्ये सर्फेखासची जमीन सरकारी कारभारात विलीन झाली. त्याच वर्षी जहागिरी रद्द झाल्या. ज्या गावांचा पैसा पिढ्यान्‌पिढ्या खाजगी तिजोरीत जात होता, ती गावे सार्वजनिक जमाखर्चात आली. १९५० मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत स्वामीजी गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून लोकसभेवर निवडून आले. मंत्रिपद मात्र त्यांनी कधीच भूषवले नाही. भाषेनुसार राज्ये व्हावीत आणि लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा, यासाठी हैदराबाद राज्याचे विभाजन करावे, असा त्यांचा आग्रह होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते विभाजन झाले व मराठवाडा मराठी मुलखाशी जोडला गेला.

राजकारणात असतानाही त्यांच्यातील शिक्षक मावळला नाही. १९५० मध्ये नांदेड येथे त्यांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्या काळी मराठवाड्यातील मुलांना उच्च शिक्षणासाठी हैदराबाद वा औरंगाबाद गाठावे लागे. ज्यांना तेवढा खर्च झेपत नसे, त्यांचे शिक्षण तेथेच थांबे. महाविद्यालय गावात आल्याने कित्येक शेतकऱ्यांच्या मुलांना त्याचे दार खुले झाले. लोकांचे महाविद्यालय हे त्याचे नावच त्याच्या संस्थापकाची वृत्ती सांगते. खादी आणि ग्रामोद्योग यांच्या कार्यातही स्वामीजी रमले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे देहावसान झाले. मागे ना घर होते, ना संपत्ती.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्थापन झालेल्या विद्यापीठास स्वामीजींचे नाव देण्यात आले. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील सहस्रावधी विद्यार्थी आज त्या नावाची पदवी घेतात.

परंतु त्यांचे खरे स्मारक आणखी एका ठिकाणी पाहावयास मिळते. १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावोगावी ग्रामपंचायती आणि ग्रामसभा आहेत. पंचायतीच्या जमाखर्चाविषयी ग्रामसभेत प्रश्न विचारण्याचा अधिकार आज प्रत्येक मतदाराला आहे. शाळेच्या गळक्या छपराला किती रुपये धरले, पाण्याच्या टाकीचे काम का थांबले, हे विचारण्यासाठी आज कोणाला तुरुंगात जावे लागत नाही. ज्या दिवशी ग्रामसभा ओस पडते, त्या दिवशी हा अधिकार असून नसल्यासारखा होतो. आणि ज्या दिवशी एखादी वृद्धा किंवा एखादा शेतमजूर उभा राहून पंचायतीला खर्चाचा हिशेब विचारतो आणि त्याला त्याचे नीट उत्तर मिळते, त्या दिवशी परतूर, लातूर आणि उमरी येथील त्या जुन्या सभांचे कार्य पुढे चाललेले असते.