दाढ काढताना होणारी कळ थांबवली, पण स्वतःच्या वाट्याला दुःखच आलं : दंतवैद्य होरेस वेल्स यांची कहाणी

दाढदुखी काय असते हे ज्याची दाढ ठणकली त्यालाच माहीत. रात्रभर लवंग दाबून धरायची, गाल धरून अंगणात फेऱ्या मारायच्या, पण दवाखान्याचं नाव काढायचं नाही. आपल्या भागात आजही माणूस दाताच्या डॉक्टरकडे जातो तो अगदी गळ्याशी आल्यावर. कारण एकच, भीती. दाढ काढताना जीव निघतो असं आजोबांनी सांगितलेलं असतं आणि आजोबांच्या काळात ते खोटंही नव्हतं. आता मात्र भुलीच्या सुईची एक टोचणी सोडली तर दाढ कधी निघाली हे बऱ्याच जणांना कळतही नाही. हे कुणामुळे सुरू झालं आणि त्या माणसाचं पुढं काय झालं, ते वाचण्यासारखं आहे.

होरेस वेल्स यांचा जन्म २१ जानेवारी १८१५ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात झाला. त्या काळी दाताच्या डॉक्टरकीचं कॉलेज जगात कुठंच नव्हतं. पहिलं कॉलेज १८४० मध्ये बाल्टिमोर शहरात निघालं. त्याआधी सुताराच्या हाताखाली सुतार तयार व्हावा तसा दंतवैद्याच्या हाताखाली दंतवैद्य तयार व्हायचा. वेल्स १९ व्या वर्षी बोस्टनला गेले, तिथं काम शिकले आणि १८३६ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावी त्यांनी स्वतःचा दवाखाना थाटला. हाताला गुण होता, हुशारीही होती. १८३८ मध्ये त्यांनी दातांची निगा कशी राखावी यावर छोटं पुस्तकही काढलं. त्याच वर्षी एलिझाबेथ नावाच्या मुलीशी लग्न झालं, पुढच्या वर्षी चार्ल्स हा मुलगा झाला. धंदा चांगला चालला होता.

पण एक गोष्ट त्यांना खात होती, ती म्हणजे पेशंटचं ओरडणं.

तेव्हा भूल नव्हतीच. बैलाला पत्र्या मारताना जसं पाडून, बांधून, वर बसून धरावं लागतं, तसंच माणसाला धरावं लागायचं. डॉक्टर पक्कड लावणार, पिळणार, ओढणार. दाढ मोडली तर मूळ आतच राहणार आणि ते परत कोरून काढणार. कुणी दारू पाजायचं, कुणी अफूचा अर्क द्यायचं, पण त्यानं कळ थांबत नसे. लोक महिनोन्‌महिने सडकी दाढ तोंडात ठेवून जगायचे. पू गळ्यापर्यंत उतरून माणूस दगावायचा, पण खुर्चीत बसायचा नाही.

१० डिसेंबर १८४४ ला हार्टफर्डमध्ये एक खेळ आला. गार्डनर कोल्टन नावाचा गृहस्थ गावोगाव फिरून हसवणाऱ्या वायूचा, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचा तमाशा दाखवायचा. तिकीट २५ सेंट. हा वायू काही नवा नव्हता. प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञानं तो १७७२ मध्येच तयार केला होता. हंफ्री डेव्ही यांनी १८०० मध्ये, शस्त्रक्रियेत वेदना कमी करायला त्याचा उपयोग होऊ शकेल असं लिहूनही ठेवलं होतं. पण पुढची ४४ वर्षं ते कुणी मनावर घेतलं नाही. वायू राहिला जत्रेतल्या मौजेपुरता. लोक पिशवीतून तो हुंगायचे, हसायचे, नाचायचे, अंगावर धावायचे. प्रेक्षकांना इजा होऊ नये म्हणून पुढच्या रांगेत आठ दांडगे गडी बसवणार, असं कोल्टन जाहिरातीतच सांगायचा.

त्या रात्री वेल्स पत्नीसह खेळ बघायला गेले होते. औषधाच्या दुकानात काम करणारा सॅम्युअल कूली हा तरुण स्टेजवर गेला, वायू हुंगला आणि बेभान होऊन पळत सुटला. बाकांवर आपटला, नडगी फुटली, रक्त आलं. थोड्या वेळानं तो जागेवर येऊन बसला. वेल्स यांनी त्याला विचारलं तर त्याला पाय फुटल्याचा पत्ताच नाही! सगळी सभा हसत होती. एवढ्या माणसांत या एकाच माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला, की नडगी फुटलेली कळत नाही तर दाढ काढलेलीही कळणार नाही.

दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबरला, वेल्स यांनी कोल्टनला वायूची पिशवी घेऊन आपल्या दवाखान्यात बोलावलं. प्रयोग करायचा कुणावर? माझ्या मते या माणसाचा मोठेपणा इथंच दिसतो. पैसे देऊन कुणी गरीब मिळाला असता. पण वेल्स स्वतःच खुर्चीत बसले. वय २९, घरात बायको आणि पाच वर्षांचं पोर. जास्त हुंगलं तर माणूस परत उठेल का, हे तिथं कुणीही छातीठोक सांगू शकत नव्हतं. कोल्टननं वायू दिला, वेल्स यांची मान कलली आणि जॉन रिग्ज या त्यांच्या दंतवैद्य मित्रानं त्यांची वरची एक दाढ ओढून काढली. वेल्स शुद्धीवर आले तेव्हा दाढ हातात होती आणि वेदना जवळपास नव्हतीच.

वायू तयार करायची रीत त्यांनी कोल्टनकडून शिकून घेतली. अमोनियम नायट्रेट तापवलं की हा वायू निघतो. आपण शेतकरी हे नाव खतामुळे ओळखतो, खाणीतल्या सुरुंगालाही तेच लागतं. (घरी कुणी असला उद्योग करू नये, उष्णता जास्त झाली तर स्फोट होतो.) पुढच्या काही आठवड्यांत वेल्स यांनी डझनभर पेशंटचे दात या वायूवर काढले. विशेष म्हणजे त्यांनी याचं पेटंट घेतलं नाही. हे सगळ्यांनाच मोफत मिळावं, असं त्यांचं मत होतं.

मोठ्या डॉक्टरांनी मान्य केल्याशिवाय जग मानत नाही, म्हणून जानेवारी १८४५ मध्ये ते बोस्टनला गेले. तिथं त्यांचा जुना शिष्य आणि भागीदार विल्यम मॉर्टन होता. नामांकित सर्जन जॉन वॉरन यांच्या विद्यार्थ्यांसमोर प्रयोग दाखवायची संधी मिळाली. एक जण दात काढून घ्यायला तयार झाला. पण गडबडीत वायूची पिशवी लवकर बाजूला झाली, भूल पुरती चढली नाही आणि दात ओढताच पेशंट ओरडला. झालं. विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली, ही लबाडी आहे म्हणून वेल्स यांना हाकलून लावलं. आपल्याला फार दुखलं नाही असं तो पेशंट नंतर सांगत होता, पण ऐकतो कोण?

फवारणी करणाऱ्याला हे लगेच कळेल. औषध बरोबर असतं, प्रमाण कमी पडतं, कीड मरत नाही आणि नाव औषधाचं खराब होतं. वेल्स यांचं नेमकं तेच झालं. त्यात या वायूचा स्वभावच असा की तो चढतो लवकर आणि उतरतोही लवकर. मिनिटभराचं काम असतं तिथं तो बरा. प्रत्येक माणसाला किती लागेल हे कळायला शेकडो पेशंट बघावे लागतात, वेल्स यांनी डझनभरच बघितले होते. घाई झाली, हे म्हणावंच लागेल.

त्या अपमानानं माणूस खचला. हार्टफर्डला परत येऊन आजारी पडले, दवाखाना बंद केला. मग कधी पक्ष्यांचं प्रदर्शन भरव, कधी अंघोळीच्या फवाऱ्याचं यंत्र काढ, कधी पॅरिसहून चित्रं आणून विक, असं काहीबाही करत राहिले. मधूनमधून दातांचं कामही करत.

दरम्यान मॉर्टन गप्प बसला नव्हता. कवळी बसवायची तर आधी जुनी मुळं काढावी लागतात आणि दुखतं म्हणून लोक कवळीच नको म्हणतात, ही त्याची धंद्यातली अडचण होती. त्यानं चार्ल्स जॅक्सन या रसायनशास्त्रज्ञाच्या सल्ल्यानं ईथर वापरून बघितलं. ईथर या वायूपेक्षा जास्त जोरकस आणि जास्त वेळ टिकणारं. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मॉर्टननं पेशंटला ईथर हुंगवलं आणि त्याच वॉरन यांनी मानेवरची गाठ काढली. पेशंट ओरडला नाही. काही महिन्यांत बातमी जगभर गेली. मॉर्टन आणि जॅक्सन यांनी लगेच पेटंटही घेतलं.

भूल पहिल्यांदा कुणी दिली यावर मग जे भांडण लागलं ते बांधाच्या भांडणासारखं वर्षानुवर्षं चाललं. वेल्स म्हणत मी, मॉर्टन म्हणे मी, जॅक्सन म्हणे माझ्या डोक्यातून निघालं. जॉर्जिया राज्यातल्या क्रॉफर्ड लाँग या डॉक्टरांनी तर १८४२ मध्येच ईथर देऊन गाठ काढली होती, पण छापलं नव्हतं. सरकारकडून बक्षीस मिळवण्यासाठी मॉर्टननं वॉशिंग्टनच्या चकरा मारल्या, हाती काही लागलं नाही. तो १८६८ मध्ये कर्जात गेला. जॅक्सन यांचा शेवट मनोरुग्णालयात झाला.

वेल्स यांचा शेवट या सगळ्यांत वाईट. जानेवारी १८४८ मध्ये बायको-मुलाला हार्टफर्डला ठेवून ते एकटे न्यूयॉर्कला आले. क्लोरोफॉर्म हे भुलीचं नवं औषध त्या वेळी नुकतंच आलं होतं. सवयीप्रमाणे तपासणी स्वतःवरच सुरू केली. रोज हुंगता हुंगता त्याची नशा जडली आणि डोक्यावरचा ताबा गेला. २१ जानेवारीला, स्वतःच्या ३३ व्या वाढदिवशी, भ्रमिष्ट अवस्थेत त्यांनी रस्त्यावरच्या दोन बायकांच्या कपड्यांवर ॲसिड फेकलं. पोलिसांनी तुरुंगात टाकलं. नशा उतरल्यावर आपण काय केलं ते कळलं, आणि ते त्यांना सोसलं नाही. २४ जानेवारी १८४८ रोजी तुरुंगाच्या कोठडीतच त्यांनी जीवन संपवलं.

भुलीच्या वायूंचा पहिला शोध वेल्स यांचाच, असा निर्णय पॅरिसच्या वैद्यक मंडळानं त्याच महिन्यात दिला होता. तेव्हा फोन नव्हता, पत्र बोटीनं यायचं. ते अमेरिकेत पोहोचलं तोवर माणूस गेला होता. पुढं १८६४ मध्ये अमेरिकेच्या दंतवैद्यांच्या संघटनेनं आणि १८७० मध्ये डॉक्टरांच्या संघटनेनं त्यांचा मान मान्य केला. हार्टफर्डच्या बुशनेल पार्कमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. तेव्हा पत्नी एलिझाबेथ हयात होत्या.

वायू परत वापरात आणला तो खेळवाल्या कोल्टननंच. १८६३ पासून त्यानं दंतवैद्यांना सोबत घेऊन फक्त दात काढायचा धंदा सुरू केला आणि हजारो लोकांचे दात याच वायूवर काढले. १८६८ मध्ये शिकागोच्या एडमंड अँड्र्यूज यांनी त्यात ऑक्सिजन मिसळायची रीत दाखवली, त्यामुळे धोका बराच कमी झाला.

आता आपल्याकडे साधी दाढ काढायला वायू लागत नाही, हिरडीत सुई देऊन तेवढी जागा बधिर करतात. सुरुवातीला, १८८४ पासून, या सुईत कोकेन असायचं, त्याचं व्यसन लागायचं. १९०५ मध्ये नोवोकेन आलं. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झालं, आज आपल्या दवाखान्यात बहुतेक तेच. दात कोरायचं यंत्र आधी शिलाई मशीनसारखं पायानं चालायचं. १९५७ नंतर हवेवर फिरणारं आलं, मिनिटाला लाखो फेरे, त्यामुळे पूर्वीचा तो धडधडाट गेला.

म्हणजे अजिबात दुखत नाही का? तर तसं नाही. सुई टोचते. भूल उतरल्यावर ठणकतं, अक्कलदाढ असेल तर दोन-तीन दिवस गाल सुजतो. आणि पू झालेला असेल तर भूल नीट बसत नाही, ही गोष्ट मिश्री लावत, गोळ्या खात सहा महिने काढणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. दाढ नुकतीच किडली असताना गेलं तर ती काढावीही लागत नाही, सिमेंट भरून भागतं. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो, तिथं खर्चही फार नाही.

वेल्स यांचा वायू मात्र अजून गेलेला नाही. जी लहान मुलं तोंडात हातच घालू देत नाहीत, त्यांच्यासाठी मोठ्या शहरांतले काही डॉक्टर तो ऑक्सिजनमध्ये मिसळून वापरतात. नाकावर छोटा मास्क लावतात, पोरगं जागंच असतं, पण भीती जाते. काम झालं की थोडा वेळ नुसता ऑक्सिजन देतात आणि पोरगं स्वतःच्या पायांनी चालत बाहेर येतं.