तेवीस चातुर्मासांची वाट

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीचा अंक हाती घेणाऱ्या वाचकाला प. प. श्री वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांची ओळख करून द्यावी, असे काही नाही. ज्या घरात सायंकाळी करुणात्रिपदी म्हटली जाते त्या घरात महाराज आहेतच. त्यांची ग्रंथरचना, त्यांचे योगसामर्थ्य, त्यांची कडक आचारनिष्ठा यांवर अधिकारी मंडळींनी भरपूर लिहून ठेवले आहे. माझा तो अधिकार नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, सारी नोकरी बँकेत जमा-नावे लिहिण्यात गेली. तेव्हा महाराजांच्या चरित्राकडे मी मला जमेल त्या बाजूने पाहतो. ती बाजू म्हणजे गावे, साल आणि अंतरे. महाराज कुठे कुठे चालले, कुठे थांबले, आणि कशासाठी, एवढेच या लेखात मांडतो.

महाराजांचा जन्म १८५४ सालचा, श्रावण वद्य पंचमीचा. गाव माणगाव, तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानातले, आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात. वडील गणेशभट्ट, आई रमाबाई. वडिलांचा ओढा गाणगापूरकडे, त्यामुळे दत्तभक्ती घरातच होती. आठव्या वर्षी मुंज, मग वेदाध्ययन, ज्योतिष. एकविसाव्या वर्षी लग्न झाले. पत्नीचे नाव अन्नपूर्णाबाई. इथपर्यंत कोकणातल्या कुठल्याही वैदिक घराण्यातल्या मुलाची गोष्ट असावी तशीच ही आहे.

पुढे नरसोबावाडीच्या वाऱ्या सुरू झाल्या. १८८३ साली माणगावात दत्तमंदिर उभे राहिले. मातीच्या भिंतींचे, साधे. पण पंचक्रोशीतून आणि लांबून लोकांची रीघ लागली. कुणाची पीडा, कुणाचा आजार, कुणाचा संसाराचा गुंता. सात वर्षे हे चालले. आता आपल्यासारख्याने काय केले असते? देऊळ नावारूपाला आले, माणसे येताहेत, तर तिथेच ठाण मांडले असते. महाराजांना दत्तप्रभूंची निघण्याची आज्ञा झाली आणि ते निघाले. मागे वळून देवळाचे काय होईल याचा हिशेब केला नाही.

बरोबर अन्नपूर्णाबाई होत्या. महाराजांच्या चालण्याविषयी आपण बोलतो, पण सुरुवातीची वाट त्या माऊलीनेही तुडवली आहे, हे गृहस्थाश्रमी वाचकांनी विसरू नये. घर सुटले, पोटी मूल आले ते हाती लागले नाही, आणि पुढे गावोगावचा प्रवास. त्यांची तक्रार चरित्रात कुठे येत नाही. १८९१ साली गोदावरीकाठी गंगाखेडला, म्हणजे संत जनाबाईंच्या गावी, त्यांनी देह ठेवला. तेराव्यापर्यंतचे सारे विधी यथासांग करून चौदाव्या दिवशी महाराजांनी संन्यास घेतला. तेव्हा त्यांना सदतिसावे वर्ष चालू होते. पतीचे कर्तव्य शेवटच्या दिवसापर्यंत पुरे केले आणि मगच पुढचा आश्रम धरला. हा क्रम मला फार मोठा वाटतो. संसार टाकून पळालेला हा संन्यास नव्हे.

गंगाखेडहून ते उज्जैनला गेले. तिथे श्री नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला आणि क्षिप्रेच्या काठी पहिला चातुर्मास केला. तेव्हापासून १९१३ पर्यंत तेवीस चातुर्मास झाले.

तरुण वाचकांसाठी चातुर्मास म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. संन्याशाने एका गावी फार काळ राहू नये, कारण राहिले की माया जडते. पण पावसाळ्यात जमिनीवर असंख्य जीव वर येतात, ते पायाखाली येऊ नयेत म्हणून यतीने एका जागी थांबावे. व्यासपौर्णिमेपासून भाद्रपद पौर्णिमेपर्यंत, चार पंधरवडे. म्हणजे थांबणे सोयीसाठी नाही, मुंगीसाठी. बाकी वर्षभर चालायचे.

आणि चालणे कसे? पायात काही नाही. हाती दंड आणि कमंडलू, अंगावर छाटी, बरोबर श्रींची मूर्ती. पैशाला स्पर्श नाही. जेवण म्हणजे मधुकरी, तीही नियमात बसेल त्याच घरची, आणि नियमात बसणारे घर नसले तर उपवास. यावर कुणी म्हणेल, त्या काळी सगळेच चालत होते. तसे नव्हते. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली १८५३ साली, महाराजांच्या जन्माच्या आदल्या वर्षी. १८७० पर्यंत मुंबई-कलकत्ता रेल्वेने जोडली गेली. महाराजांनी दंड घेतला तेव्हा उज्जैनला, कानपूरला, तंजावरला रेल्वे होती. गाडीची शिट्टी ऐकत ते बाजूच्या वाटेने पायी जात होते. वाहन नाही, हा त्यांचा नेम होता.

त्यात शरीर कसे होते पाहा. संग्रहणीचा जुनाट विकार आणि अंगावर कोड. ज्याला पोटाचा त्रास आहे तो माणूस प्रवासाच्या नुसत्या विचाराने कसा धास्तावतो, हे आपल्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. महाराजांनी तो देह घेऊन हिमालयात बदरी-केदार केले. केदारनाथ साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. आज तिथे हेलिकॉप्टर जाते.

आता गावे पाहू. सुरुवातीची वर्षे उत्तरेत आणि गुजरातेत गेली. ब्रह्मावर्त म्हणजे कानपूरजवळचे बिठूर, गंगेच्या काठचे. दुसऱ्या बाजीरावाला इंग्रजांनी तिथेच नेऊन ठेवले होते, त्यामुळे मराठी कुटुंबे होती. तिथे महाराजांचे एकाहून अधिक चातुर्मास झाले, दत्तपुराणाची रचनाही तिथलीच. शिवाय हरिद्वार झाले, गुजरातेत पेटलाद आणि नर्मदेवरचे तिलकवाडा झाले, पश्चिमेच्या टोकाला द्वारका झाली, माळव्यात महत्पूर झाले, निमाडात नर्मदेवरचे चिखलदा झाले. हे चिखलदा म्हणजे आपल्या मेळघाटातले चिखलदरा नव्हे. १९०५ साली मराठवाड्यात नरसीला, नामदेवांच्या गावी, कयाधू नदीकाठी.

यापुढची वर्षे मी वहीत एकाखाली एक लिहून काढली. १९०६ बडवानी, नर्मदाकाठ. १९०७ तंजावर, कावेरीचा मुलूख. १९०८ आंध्रातले मुक्त्याला, कृष्णाकाठ. १९०९ विदर्भातली पवनी, वैनगंगा. १९१० कर्नाटकातले हावनूर, तुंगभद्रा. १९११ कुरवपूर, पुन्हा कृष्णा. १९१२ चिखलदा आणि १९१३ गरुडेश्वर, पुन्हा नर्मदा. मग नकाशावर पट्टी ठेवली. बडवानीपासून गरुडेश्वरापर्यंत हे टप्पे पक्षी उडेल तशा सरळ रेषेत मोजले, तरी बेरीज चार हजार किलोमीटरच्या वर जाते. वाटेची वळणे, घाट, मधली क्षेत्रे यात धरलेली नाहीत. वय बावन्न ते एकोणसाठ. आपल्याकडे अठ्ठावन्न-साठाव्या वर्षी निवृत्त करतात.

ही यादी लिहिताना दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली अशी की जवळजवळ प्रत्येक मुक्काम नदीकाठी आहे. त्रिकाळ स्नान-संध्येचा नेम असलेल्या यतीला वाहते पाणी हवेच, हे त्याचे साधे कारण. पण त्यामुळे झाले असे, की भाषा बदलली, जेवण बदलले, पेहराव बदलला, तरी महाराजांचा दिवस बदलला नाही. तंजावरला तमिळ, मुक्त्यालाला तेलुगू, हावनूरला कानडी, गरुडेश्वरला गुजराती आणि डोंगरातल्या आदिवासींची बोली. पहाटे नदी, मग अनुष्ठान, मधुकरी, दुपारी पाठ आणि निरूपण, सायंकाळी पुन्हा नदी. विद्वानांशी संस्कृतात बोलणे होई. नर्मदा आणि कृष्णा या दोन्ही नद्यांवर त्यांनी लहरी रचल्या. ज्या नदीने सांभाळले तिचे ऋण स्तोत्राने फेडले.

दुसरी गोष्ट मला अधिक लागली. तेवीस मुक्कामांच्या या यादीत नरसोबावाडी नाही. गाणगापूर नाही. वाडीवर महाराजांचा जीव किती होता हे सर्वांना ठाऊक आहे. ते पुन्हा पुन्हा वाडीला येत, तिथल्या पूजाअर्चेला शिस्त त्यांनी लावली, १९०५ साली करुणात्रिपदी तिथेच झाली आणि आजही पालखीपुढे म्हटली जाते. वाडीकर मंडळींनी त्यांना जन्मभर डोक्यावर घेतले असते. तरी चातुर्मास तिथे नाही. आवडते ठिकाण निवडायची मोकळीक त्यांनी स्वतःकडे ठेवलीच नव्हती. आज्ञा होईल तिकडे पाऊल.

आणि आज्ञा त्यांना कुठे नेत होती? जिथे दत्तसंप्रदायाचा दिवा नव्हता, किंवा होता पण काजळी धरली होती, तिथे. श्रीपाद श्रीवल्लभांचे जन्मस्थान पीठापूर आंध्रात, गोदावरीच्या मुलखात. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान विदर्भात कारंजा. गुरुचरित्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या ओठी ही नावे होती, पण पाय तिकडे वळत नव्हते. या दोन्ही जन्मस्थानांची ओळख महाराजांनी पुन्हा करून दिली. आज तिथे भक्तनिवास आहेत, उत्सव आहेत.

कुरवपूरचे तसेच. रायचूरजवळ कृष्णेच्या पात्रातले ते बेट, श्रीपाद श्रीवल्लभांची तपोभूमी. १९११ चा चातुर्मास महाराजांनी तिथे केला. त्यांची गुहा तिथे दाखवतात. निवृत्तीनंतर आम्ही उभयता तिथे गेलो होतो. टोपलीसारख्या गोल होडीतून पलीकडे जायचे, ती होडी गरगर फिरते, आणि नाव वल्हवणारा माणूस कानडीत काहीतरी सांगत असतो. काठावर उतरले की खडक, पाणी आणि शांतता. अशा ठिकाणी, पावसाळ्यात, कृष्णेला पूर असताना, आजारी देहाने महाराज राहिले. घोरकष्टोद्धरण स्तोत्र याच मुक्कामातले. म्हणजे आपण घरात बसून संकटाच्या वेळी जे म्हणतो, ते त्या बेटावरून आपल्यापर्यंत आले आहे.

शेवटचा मुक्काम गरुडेश्वर. १९१३ चा चातुर्मास तिथे झाला. देह थकला होता, संग्रहणी बळावली होती. तिथून मात्र पुढे निघण्याची आज्ञा झाली नाही. १९१४ च्या जून महिन्यात, आषाढ शुद्ध प्रतिपदेला, नर्मदेच्या काठी महाराज समाधिस्थ झाले. साठ वर्षे पुरी व्हायला दोनच महिने कमी होते.

आज गरुडेश्वराच्या थोडे वर सरदार सरोवराचे धरण आहे आणि २०१८ पासून सरदार पटेलांचा १८२ मीटर उंच पुतळा आहे. तो पाहायला देशभरातून बसगाड्या येतात. महाराजांचे दोन चातुर्मास झाले ते चिखलदा धरणाच्या बुडितात गेले. नर्मदेचे रूप बदलले. समाधी मंदिरात मात्र दत्तनामाचा गजर चालूच आहे. महाराजांनी दिलेला अठरा अक्षरी मंत्र तमिळ, तेलुगू, कानडी, गुजराती सगळ्या तोंडी एकसारखा ऐकू येतो. त्याला भाषांतर लागत नाही.

आता आपल्यापुरते. हल्ली दत्तधाम यात्रा निघतात. चार दिवसांत पाच क्षेत्रे, वातानुकूलित गाडी, सकाळचा चहा-नाश्ता धरून. जरूर जावे, त्यात वाईट काही नाही. पण आपल्या वाचकांत असेही पुष्कळ आहेत ज्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. कुणी अंथरुणाला खिळलेल्या जोडीदाराची सेवा करीत आहे आणि वाडीची वारी चुकली म्हणून मनातून खंतावते आहे. त्यांच्यासाठी मला हे चरित्र महत्त्वाचे वाटते. महाराज आज्ञेने चालले तसे आज्ञेने थांबलेही. मुंगी चिरडू नये म्हणून थांबणे हा त्यांच्या वाटेचाच भाग होता. अन्नपूर्णाबाई होत्या तोवर त्यांनी त्यांना सोडून संन्यासाची घाई केली नाही. मग आजाऱ्याच्या उशाशी थांबलेल्याचे थांबणे दत्तप्रभूंच्या खात्यावर का जमा होऊ नये? ज्याला चालता येते त्याने चालावे. ज्याच्या वाट्याला थांबणे आले आहे त्याने आपला नेम न मोडता थांबावे. संध्याकाळी दिवा लावून करुणात्रिपदी म्हणावी. वाडीच्या पालखीपुढे त्याच वेळी तीच म्हटली जात असते.

थोरल्या महाराजांच्या अनवाणी चरणी साष्टांग दंडवत.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त.