पाण्याचा हिशोब जाणणारे विश्वेश्वरय्या

कोलकात्याच्या गोखले मार्गावर इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या संस्थेचे मुख्यालय आहे. १५ सप्टेंबर हा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा जन्मदिन ती अभियंता दिन म्हणून पाळते. ते जन्माने म्हैसूरचे. परंतु त्यांच्यातील अभियंता पुण्यात घडला आणि कसोटीला लागला तो खानदेशात. म्हणूनच आम्हां कोलकातावासी मराठी जनांना त्यांचे स्मरण अगत्याचे वाटते.

मुद्देनहळ्ळी येथे १८६१ साली जन्मलेल्या विश्वेश्वरय्यांचे पितृछत्र बालपणीच हरपले. शिकवण्या करून ते बी.ए. झाले व म्हैसूरची शिष्यवृत्ती मिळवून पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. १८८३ च्या परीक्षेत पहिले येऊन १८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले.

धुळ्यापासून ३५ मैलांवरील दातर्ती येथे पांझरेवर नळांचा सायफन बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. अशा नळातून खाली उतरलेले पाणी पलीकडे स्वतःच्या दाबाने वर चढते; मात्र मूळ उंची गाठीत नाही, कारण नळाच्या अंगाशी होणारे घर्षण वाटेत दाब खाते. नळ जितका लांब व अरुंद, तितकी तूट अधिक. पाणी बाहेर पडण्याचे तोंड त्या हिशोबानेच खाली ठेवावे लागते. आमच्या टालाची टाकी ११० फूट उंचावर आहे, तीही वाटेतली तूट सोसून नळांत दाब उरावा म्हणूनच.

पावसाने दातर्तीच्या कामात विघ्न आणले. तरुण अभियंत्याने पावसाळा सरेपर्यंत थांबण्याची अनुज्ञा मागितली. वरिष्ठांना ती रुचली नाही. तेव्हा त्यांनी नेटाने काम पुढे चालविले व तडीस नेले.

पुढे सक्करचा पाणीपुरवठा त्यांनी मार्गी लावला. पुण्याजवळ खडकवासल्याला पाणी चढताच आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी बसविले. धरणाची भिंत न वाढविता साठा वाढला. एवढे करूनही मुख्य अभियंत्याचे पद एतद्देशीयाला मिळण्याची आशा नव्हती. १९०८ साली त्यांनी ती नोकरी सोडली.

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता व १९१२ मध्ये दिवाण झाले. कलकत्ता विद्यापीठाने १९२१ साली त्यांना डी.एस्सी. पदवीने गौरविले, १९५५ साली ते भारतरत्न झाले. १९६२ साली, शंभरी पार करून, त्यांनी देह ठेवला.

ज्या मातीत ते जन्मले नव्हते, तिची तहान त्यांनी आपली मानली. परप्रांतात घरे करून राहिलेल्या आम्हांला याहून मोठा आदर्श कोणता?