विश्लेषण : ७३ वर्षे जिनिव्हात थांबलेल्या अस्थी… परदेशात राहूनही श्यामजी कृष्ण वर्मा भारताशी कसे जोडलेले राहिले?

शिक्षण किंवा नोकरीसाठी परदेशी गेलेल्या प्रत्येक भारतीय कुटुंबासमोर एक प्रश्न कधी ना कधी उभा राहतो. इथे राहून आपले काय टिकवायचे? भाषा, सण, जेवण की आणखी काही? सव्वाशे वर्षांपूर्वी एका संस्कृत पंडिताने या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या पद्धतीने शोधले होते. १८९७ मध्ये भारत सोडल्यावर ते जिवंतपणी पुन्हा मायदेशी येऊ शकले नाहीत. आल्या त्या त्यांच्या अस्थी, त्याही २००३ मध्ये. श्यामजी कृष्ण वर्मा यांची ही गोष्ट.

श्यामजी मूळचे कुठले?

श्यामजींचा जन्म ४ ऑक्टोबर १८५७ रोजी कच्छमधील मांडवी या बंदराच्या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती. वडील मुंबईत कापसाच्या व्यवसायात कामाला होते. आई लहानपणीच गेली आणि आजीने त्यांना वाढवले. हुशारी पाहून त्यांना शिक्षणासाठी मुंबईला आणण्यात आले. विल्सन हायस्कूलमध्ये इंग्रजी शिक्षण आणि त्याच वेळी पाठशाळेत संस्कृत, असा त्यांचा दुहेरी अभ्यास सुरू झाला. पुढे ते एल्फिन्स्टनमध्ये शिकले. १८७५ मध्ये मुंबईतील श्रीमंत व्यापारी छबिलदास लल्लुभाई यांची कन्या भानुमती यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्याच वर्षी मुंबईत आर्य समाजाची स्थापना झाली. स्वामी दयानंद सरस्वती यांच्या विचारांनी तरुण श्यामजी भारावून गेले. नाशिकपासून काशीपर्यंत त्यांनी संस्कृतमधून व्याख्याने दिली. १८७७ मध्ये काशीच्या विद्वानांनी त्यांना पंडित ही पदवी दिली. ब्राह्मणेतर व्यक्तीला हा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ होती, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात.

ऑक्सफर्डला ते कसे पोहोचले?

संस्कृतमुळेच. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संस्कृतचे प्राध्यापक मोनियर विल्यम्स यांना त्यांच्या विद्वत्तेची माहिती होती. १८७९ मध्ये श्यामजी इंग्लंडला गेले, बॅलिओल कॉलेजमध्ये दाखल झाले आणि शिकता शिकता विल्यम्स यांचे सहायक म्हणून कामही करू लागले. १८८३ मध्ये ते पदवीधर झाले आणि पाठोपाठ इनर टेम्पलमधून बॅरिस्टरही झाले.

१८८१ मध्ये बर्लिनला प्राच्यविद्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. श्यामजी तिथे भारताचे प्रतिनिधी म्हणून गेले. त्यांच्या निबंधाचा विषय होता, संस्कृत ही भारतातील जिवंत भाषा आहे. युरोपीय विद्वान संस्कृतचा अभ्यास ग्रीक आणि लॅटिनसारखी जुनी भाषा म्हणून करत होते. त्यांच्यासमोर ती भाषा अस्खलित बोलणारा २३ वर्षांचा तरुण उभा होता. वारसा म्हणजे काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू नव्हे, तो वापरात असतो, हे त्यांचे म्हणणे पुढील आयुष्यातही दिसत राहिले.

मग देश कायमचा का सोडला?

१८८५ मध्ये श्यामजी भारतात परतले. रतलाम संस्थानाचे दिवाण, अजमेरमध्ये वकिली, उदयपूरच्या राज्यकारभारात जबाबदारी आणि नंतर जुनागढचे दिवाणपद, असा त्यांचा प्रवास झाला. याच काळात त्यांनी राजस्थानातील कापसाच्या गिरण्यांमध्ये पैसा गुंतवला. या गुंतवणुकीचे उत्पन्न पुढे त्यांच्या परदेशातील कामाला उपयोगी पडले.

जुनागढमध्ये मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा कटू अनुभव आला. १८९७ हे वर्ष महाराष्ट्रासाठीही अस्वस्थ करणारे होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली जाच झाला. जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात १८ महिन्यांची शिक्षा झाली आणि नातू बंधूंना खटला न चालवताच स्थानबद्ध करण्यात आले. देशात राहून मोकळेपणाने बोलता येणार नाही, असे श्यामजींचे मत झाले आणि त्यांनी भानुमतींसह लंडन गाठले.

‘इंडिया हाऊस’ म्हणजे नेमके काय होते?

लंडनमध्ये शिकायला येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना राहायला जागा मिळणे कठीण होते. रंगभेद होता, एकटेपणा होता. श्यामजींनी लंडनच्या हायगेट भागात ६५, क्रॉमवेल अॅव्हेन्यू हे घर घेतले आणि १ जुलै १९०५ रोजी तिथे इंडिया हाऊस सुरू झाले. सुमारे २५ विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय, व्याख्यानांसाठी दालन, ग्रंथालय आणि वाचनकक्ष असे त्याचे स्वरूप होते. उद्घाटनाला दादाभाई नवरोजी, लाला लजपतराय आणि मादाम कामा उपस्थित होते.

त्याआधी जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’ हे मासिक आणि फेब्रुवारीत होमरूल सोसायटी सुरू केली होती. भारतीय विद्यार्थ्यांसाठी त्यांनी प्रत्येकी दोन हजार रुपयांच्या शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. त्यांना दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. एका बाजूला इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर, दुसऱ्या बाजूला स्वामी दयानंद. पॅरिसमधील व्यापारी सरदारसिंह राणा यांनीही राणा प्रताप आणि शिवाजी महाराज यांच्या नावाने शिष्यवृत्त्या दिल्या. अट एकच होती. शिकून झाल्यावर ब्रिटिश सरकारची नोकरी करायची नाही.

टिळकांच्या शिफारशीने यातील शिवाजी शिष्यवृत्ती नाशिकच्या एका तरुणाला मिळाली. १९०६ मध्ये लंडनला आलेला तो तरुण म्हणजे विनायक दामोदर सावरकर. पुढे सेनापती म्हणून ओळखले गेलेले पांडुरंग महादेव बापटही याच वर्तुळातले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या गांधीजींनीही इंडिया हाऊसला भेट दिली. मार्ग पूर्णपणे वेगळे असलेली ही माणसे एका घरात आली, ती देशाविषयी बोलायला हक्काची जागा मिळाल्यामुळे.

याची किंमत काय मोजावी लागली?

हे घर सरकारच्या नजरेत फार लवकर आले. ब्रिटिश संसदेत श्यामजींविषयी प्रश्न विचारले गेले. अटकेची शक्यता ओळखून १९०७ मध्ये ते पॅरिसला गेले. त्यांच्या मासिकाला भारतात बंदी घालण्यात आली. एप्रिल १९०९ मध्ये इनर टेम्पलने त्यांची बॅरिस्टरची सनद काढून घेतली. त्याच वर्षी १ जुलैला मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलीची हत्या केली आणि थोड्याच काळात इंडिया हाऊसचे दरवाजे बंद झाले. मासिक छापणाऱ्या दोन इंग्रज मुद्रकांनाही तुरुंगात जावे लागले.

पॅरिसमध्ये सहकाऱ्यांशी मतभेद झाले. १९१४ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स जवळ आल्यावर तिथे राहणेही धोक्याचे ठरले, म्हणून श्यामजी तटस्थ स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाला गेले. तिथे राजकारणावर बंधने होती. महायुद्धाच्या काळात मासिक बंद पडले. १९२० मध्ये त्यांनी ते पुन्हा सुरू केले, पण दोनच वर्षांत ते कायमचे थांबले. लंडनला ज्यांच्याभोवती विद्यार्थी जमत, त्यांची शेवटची वर्षे बऱ्यापैकी एकाकी गेली. या सगळ्या स्थलांतरांत भानुमती सोबत होत्या. त्यांचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते.

अस्थींचा करार काय होता?

३० मार्च १९३० रोजी जिनिव्हात श्यामजींचे निधन झाले. भानुमती १९३३ मध्ये गेल्या. आपल्या दोघांच्या अस्थी स्वतंत्र भारतात नेल्या जाव्यात, अशी श्यामजींची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी आधीच पैसे भरून जिनिव्हातील सेंट जॉर्ज दफनभूमीत अस्थिकलश १०० वर्षे जपून ठेवण्याची व्यवस्था केली होती. देश कधी स्वतंत्र होईल याचा अंदाज नव्हता. तो होईल याची खात्री मात्र या व्यवहारात दिसते.

देश त्यांच्या मृत्यूनंतर १७ वर्षांनी स्वतंत्र झाला. कलश मात्र त्यानंतरही ५६ वर्षे तिथेच होते. ऑगस्ट २००३ मध्ये गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी ते स्वीकारले आणि गुजरातमधून यात्रा काढून मांडवीला नेण्यात आले. २०१० मध्ये मांडवीजवळ ‘क्रांतितीर्थ’ हे स्मारक खुले झाले. तिथे लंडनच्या इंडिया हाऊसची प्रतिकृती उभी आहे. २०१५ मध्ये इनर टेम्पलने त्यांची सनद मरणोत्तर बहाल केली. हायगेटच्या मूळ घरावर आज सावरकरांच्या वास्तव्याची पाटी आहे.

आजच्या स्थलांतरितांसाठी यात काय आहे?

श्यामजींनी परदेशात भारत जपला तो तीन गोष्टींतून. जी विद्या घेऊन गेले तिचा अभिमान बाळगून ती जगासमोर मांडली. कमावलेला पैसा मागून येणाऱ्यांच्या शिक्षणासाठी खर्च केला. आणि एकट्याने आठवणी काढत बसण्याऐवजी चार जणांना एकत्र बसता येईल असे घर उभे केले. हे करताना त्यांनी पाश्चात्त्य विचारांकडे पाठ फिरवली नाही. ऑक्सफर्डमधील हर्बर्ट स्पेन्सर व्याख्यानमालेसाठी त्यांनी एक हजार पौंडांची देणगीही दिली होती. मुळे आणि नवे आकाश यांपैकी एकच निवडावे लागते, असे त्यांना कधी वाटले नसावे.