शिरढोणचा दत्तभक्त, एडनचा बंदिवान

पनवेल - मुंबई-गोवा महामार्गावरील शिरढोण या गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्मलेले वासुदेव बळवंत फडके आद्य क्रांतिकारक म्हणून सर्वांना परिचित आहेत. त्यांच्यातील श्रद्धावान उपासक मात्र काहीसा दुर्लक्षित राहिला. बंड, नैराश्य आणि अरबभूमीतील कारावास या तिन्ही प्रसंगी त्यांच्या मनाची जडणघडण समजून घ्यायची, तर या उपासकाकडे वळावे लागते.

फडके यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये हा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. वासुदेवरावांनी पुढे पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी धरली. ते निष्ठावान दत्तभक्त होते. आई अत्यवस्थ असल्याचे कळूनही त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही आणि अंत्यदर्शन हुकले. वर्षश्राद्धासाठीही रजा नाकारली गेली. मातृऋण फेडण्याचे धर्मकर्तव्य पारतंत्र्यामुळे अडते, हा सल त्यांच्या मनात कायमचा राहिला.

१८७६-७७ च्या दुष्काळात खेडोपाडी फिरताना त्यांनी भुकेने मरणारी माणसे पाहिली. तेव्हा केवळ पूजेअर्चेने मिळणारे समाधान त्यांना पुरेसे वाटेना. रामोशी, कोळी, धनगर अशा समाजांतील साथीदार जमवून फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांनी बंड पुकारले. मात्र सुशिक्षितांची व धनिकांची साथ लाभली नाही. खचलेल्या अवस्थेत ते श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या चरणी गेले. तेथे देह अर्पण करण्याचा विचार त्यांच्या मनात प्रबळ झाला होता. परंतु त्याच मुक्कामात त्यांनी आत्मचरित्र लिहिले आणि पुन्हा लढ्याची वाट धरली. श्रद्धेने त्यांचे दुःख हलके केले नाही; दुःख सोसण्याचे बळ मात्र दिले.

जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले. पुण्यात चाललेल्या खटल्यात सार्वजनिक काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. जन्मठेप भोगण्यासाठी त्यांना एडनला धाडण्यात आले. १८३९ मध्ये इंग्रजांनी जिंकलेले हे अरबी बंदर तेव्हा मुंबई इलाख्याच्या अखत्यारीत होते. आप्त तेथे जवळ नव्हते. तरीही कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून त्यांनी पलायन केले. ते लवकरच पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, एडनच्या तुरुंगातच त्यांची प्राणज्योत मालवली.

धार्मिकता आणि मानसिक स्वास्थ्य यांचा संबंध आज मानसशास्त्रज्ञ तपासतात. कुवेत, इजिप्त आदी अरब देशांतील विद्यार्थ्यांच्या पाहण्यांत, अधिक धार्मिक असलेले विद्यार्थी सामान्यतः अधिक समाधानी असल्याचे आढळले आहे. वासुदेवरावांचे आयुष्य या निष्कर्षात सहजी बसत नाही. त्यांना स्वतःला स्वास्थ्य लाभले नाही. भोवतालचा समाज अस्वस्थ असताना ते त्यांना नकोही होते.

भारतीय टपाल खात्याने १९८४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. शिरढोण येथे त्यांचे स्मारक आहे.