टाळ्या पायाला कळायच्या!

सेमिनारला उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो ना? मग हेलन केलरचं ऐका. पाण्याच्या पंपाखाली हात धरणारी धड्यातली मुलगी तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं धड्यात नसतं.

१८८० चा जन्म, अमेरिकेतल्या अलाबामातला. १९ महिन्यांची असताना आजारपणात दृष्टी गेली, ऐकूही येईनासं झालं. १९०४ मध्ये ती पदवीधर झाली. पण तिला बोलायचं होतं, तेही चारचौघांत! स्वतःला कधीच ऐकू न येणारा आवाज तिने शिक्षिकेच्या ओठांना, गळ्याला हात लावून घडवला. १९१३ मध्ये न्यू जर्सीत पहिलं व्याख्यान झालं. ते पार फसलं असं वाटून ती रडतच आत गेली.

तरी दौरे सुरूच. उच्चार अस्पष्ट, म्हणून शिक्षिका ॲन सलिव्हन तिचं बोलणं लोकांना पुन्हा सांगायच्या. १९२० पासून तर ती चक्क व्हरायटी शोमध्ये! कसरतींच्या खेळांमध्ये २० मिनिटं हिची. काहींनी नाकं मुरडली. पण घर चालवायला पैसे हवे होते आणि (हे कुणी सांगत नाही) तिला तिथे मजाही यायची. प्रेक्षकांचे आडवेतिडवे प्रश्न तळहातावर बोटांनी लिहून तिच्यापर्यंत पोचायचे, तिच्या उत्तरांवर थिएटर हसायचं. टाळ्या तिला पायाखालच्या फळ्यांतून कळायच्या.